गुरुसिद्दप्पाचं कुलूप

गुरुसिद्दप्पाला पुरून कारखान्याची माणसं परतली, नळावर हातपाय धुतले, कँटीनमध्ये चहा घेतला, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की भट्टीला कोळसा नेणाऱ्या पट्ट्याच्या विजेच्या पॅनलला त्याचं कुलूप अजून लटकतंय.

तांबडं कुलूप, त्याला अडकवलेली पाटी, पाटीवर गुरुसिद्दप्पाचा फोटो. खाली लिहिलेलं, 'धोका. हा माणूस आत काम करतोय. स्विच टाकू नका.' फोटोत तो रागावल्यासारखा दिसत होता. तसा तो लग्नाच्या फोटोतही रागावलेलाच होता.

आदल्या दिवशी त्याने पट्ट्याची मोटर दुरुस्तीला काढली, काम अर्धं राहिलं म्हणून नियमाप्रमाणे कुलूप तसंच ठेवलं, घरी जाऊन रोटी खाल्ली आणि खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही. राहिलेली दुरुस्ती दुसऱ्यांनी पुरी केली. आता पट्टा चालू करायचा तर कुलूप काढायला हवं. पट्टा चालला नाही तर भट्टीला कोळसा नाही, आणि भट्टी एकदा निवली की पुन्हा पेटवता पेटवता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येणार.

"त्यात काय? कापून टाका," मॅनेजर उमापती साहेब म्हणाले.

कुणीच हललं नाही. सगळे कोट्रेशकडे बघायला लागले.

कोट्रेश इलेक्ट्रिक खात्याचा सुपरवायझर. हे कुलपाचं प्रकरण त्यानेच आणलेलं. झालं असं होतं की त्याच्या हाताखालचा दुरुगप्पा पॅनलमध्ये पाना घालून बसला असताना कुणीतरी दुसऱ्या टोकाकडून वीज सोडली. भडका उडाला. पापणी लवायच्या आत पॅनलमधली हवाच पेटली. दुरुगप्पा वाचला असं म्हणायचं, पण दवाखान्यात त्याच्या आईने त्याला आवाजावरून ओळखलं. त्यानंतर कोट्रेशने ट्रेनिंग सुरू केलं. ज्याने त्याने आपलं कुलूप वापरायचं. वीज बंद करायची, कुलूप लावायचं, किल्ली अंगावर ठेवायची. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसऱ्याचं कुलूप जो कापेल त्याची नोकरी त्याच दिवशी संपली. या नियमाखाली खुद्द उमापती साहेबांची सही होती, आणि सही करताना ते फोनवर बोलत होते.

ट्रेनिंगच्या शेवटी कोट्रेश सगळ्यांना भट्टीच्या तोंडाशी नेई आणि प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली सगळ्यांदेखत आत फेकी. "आता जगात तुमच्या कुलपाची एकच किल्ली. ती तुमच्यापाशी," असं तो प्रत्येकाला बजावी.

सुरुवातीला सगळ्यात जास्त टिंगल गुरुसिद्दप्पाने केली होती. "शेळ्या कोंडायच्यात का रे?" असं तो भर वर्गात म्हणाला होता. पण दुरुगप्पाला एकदा भेटून आला आणि गप्पच झाला. किल्ली त्याने करदोट्याला बांधली. आंघोळीलासुद्धा काढीना. तो गेल्यावर मेहुणा करदोटा तोडायला लागला, तर बायकोने, नीलव्वाने, त्याचा हात धरला. "राहू दे. किल्ली अंगावरून उतरवायची नाही, असं त्यांच्या ट्रेनिंगात सांगितलंय." त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. गुरुसिद्दप्पा किल्लीसकट बसला.

"सायेब, हे कुलूप मला कापता येणार नाही," कोट्रेश म्हणाला. "मीच शिकवलंय."

"अरे पण तो मेलाय!"

"नियमात तसं काही नाही."

"मग मी कापतो," म्हणत उमापती साहेबांनी कटर घेतला. पाटीवरच्या गुरुसिद्दप्पाने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी कटर खाली ठेवला आणि होसपेटहून कुलूपवाला मौलासाब बोलावला. मौलासाब हत्यारांची पिशवी घेऊन ऐटीत आला, पाटी वाचली, फोटो पाहिला.

"हे कुठायत?"

"गेले," कुणीतरी सांगितलं. "किल्ली घेऊन."

मौलासाबने पिशवीचा बंद आवळला. "किल्ली घेऊन गेलेल्या माणसाचं कुलूप मी खोलत नाही. मला लेकरंबाळं आहेत," म्हणाला आणि आलेल्या रिक्षानेच परत गेला.

त्यानंतर मात्र सगळंच हाताबाहेर गेलं. संध्याकाळपर्यंत पॅनलला हार पडला. सकाळी उदबत्ती आली. कोट्रेशने तोंडाला फेस येईतो शिकवलं तेव्हा जी माणसं भिंतीला टेकून पेंगत होती, ती आता पॅनलपासून चार हात लांब चपला काढायला लागली. भट्टी निवत चालली होती, आणि तिच्याबरोबर कोट्रेशही.

कारण एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. भट्टीत पडल्या त्या भंगारातून उचललेल्या जुन्या किल्ल्या. कुलपांच्या खऱ्या दुसऱ्या किल्ल्या कोट्रेशच्या घरी माळ्यावर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत होत्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. एखादा गडी किल्ली हरवून बसला तर काय, या काळजीने त्याने त्या ठेवल्या, आणि कुलूपं वाढत गेली तशी बरणी भरत गेली. त्याची बायको गिरिजव्वा, हे फक्त तिलाच ठाऊक.

"उघडा की मग," ती ताट वाढताना म्हणाली.

"उघडलं तर विचारतील, किल्ली कुठून आली?"

"सांगा, होती म्हणून."

"अगं, मग प्रत्येकाच्याच कुलपाची आहे, हे कळेल. उद्या कोण विश्वासाने हात घालील पॅनलमध्ये? कुलूप लावायचंच सोडून देतील. परत एक दुरुगप्पा होईल." तो ताटावरून उठला.

गुरुसिद्दप्पाच्या समाधीवर दूध-तूप घालायचा दिवस आला. कामगारांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून जायचं आणि त्याच्याकडेच परवानगी मागायची. उमापती साहेबांची मती इतकी कुंठली होती की तेही निघाले. कोट्रेशने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खरोखरच दुखत होतं.

कारखाना रिकामा झाल्यावर तो पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. आत कुणी नाही, हत्यार राहिलेलं नाही, मोटरची झाकणं लागलेली आहेत, हे सगळं पाहिलं. परत आला, पाटीवरच्या फोटोला हात जोडले आणि कुलूप उघडलं. ते तसंच उघडं अडकवून तो कँटीनमध्ये येऊन बसला.

तिकडे माळावर उमापती साहेबांनी समाधीपुढे कमरेत वाकून म्हटलं होतं, "गुरुसिद्दप्पा, कृपा कर, आता सोड." परत येऊन बघतात तर कुलूप उघडं.

साहेबांनी तिथल्या तिथे पॅनलला लोटांगण घातलं. माणसं रडली. पट्टा सुरू झाला, भट्टी वाचली. "मेल्यावरसुद्धा स्वतः येऊन काढलं, पण दुसऱ्याला हात लावू दिला नाही," असं जो तो सांगत सुटला. पुढच्या ट्रेनिंगला उभं राहायला जागा नव्हती. कुलूप न लावता पॅनल उघडायची कुणाची छाती उरली नाही. कोट्रेशला जन्मात जमलं नव्हतं ते एका लबाडीने झालं होतं, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

मग नीलव्वा आली. ओसरीच्या कडेला बसली, गिरिजव्वाने दिलेलं पाणी तिने तसंच बाजूला ठेवलं.

"अण्णा, सगळे म्हणतात ते कारखान्यात येऊन गेले."

कोट्रेश तिच्यासमोर बसला.

"गेटपासून आमचं घर दिसतं," ती म्हणाली. "जिवंत होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत येत नव्हते, काम आहे म्हणायचे. मी कधी बोलले नाही. पण मेल्यावरसुद्धा कामावर आले, आणि माझ्याकडे डोकावलेसुद्धा नाहीत?" पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

कोट्रेशला हे सोसवेना. तो उठला, आतून किल्ली आणली आणि तिच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. कधीपासून ठेवल्यात, कुठे ठेवल्यात, कुलूप कसं काढलं, सगळं.

नीलव्वाने डोळे पुसले. "म्हणजे आले नाहीत ते."

"नाही अक्का. मी होतो."

"बरं झालं," ती म्हणाली. किल्ली तिने उचलून मुठीत धरली. "आमच्या लेकाला, चन्नवीरला, त्यांच्या जागी घेतलंय. कालच त्याला कुलूप दिलंत तुम्ही. त्याचीपण आहे का अशी?"

"आहे."

"ती द्या."

कोट्रेशने लेकाची किल्ली काढून दिली. तिने दोन्ही किल्ल्या मंगळसूत्राच्या रिकाम्या झालेल्या जागी, गळ्यातल्या दोऱ्याला ओवल्या. "मी कुणाला सांगणार नाही," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट्रेशने दार उघडलं तर अंगणात बायका बसल्या होत्या. कुणाची बायको, कुणाची आई, दुरुगप्पाच्या धाकट्या भावाची नवी नवरीसुद्धा. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. एकेक जण पुढे येई, नवऱ्याचं नाहीतर लेकाचं नाव सांगे आणि हात पुढे करी. कोट्रेश मान खाली घालून किल्ल्या देत होता.

"गड्यांना कळता कामा नये," त्यातली एक म्हातारी जाता जाता दटावून म्हणाली. "ते लावतायत ना कुलूप? लावू दे."

अंगण रिकामं झालं. गिरिजव्वाने बरणी हलवून पाहिली, आत हात घातला.

"तुमच्या कुलपाची कुठाय? माझी मला द्या."

"ती नाही," कोट्रेश म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"ती टाकली मी भट्टीत. खरीच."

"फक्त तुमचीच?"

"म्हटलं, कुणाच्या हाती लागली तर..."

गिरिजव्वा म्हणाली, "आणि बाकीच्यांच्या ठेववल्या तुम्हाला." एवढं बोलून तिने बरणी उचलली आणि घासायला मोरीत घेऊन गेली.