कापसाच्या गंजीवरचं सर्फिंग

साक्षगंधाच्या दिवशी आचलने सहज विचारलं, लग्नानंतर मालवणला जायचं का, तिथं सर्फिंग करता येतं म्हणे. तेल्हाऱ्याच्या अंकुरने तितक्याच सहज सांगून टाकलं, "मले येते ना सर्फिंग. लई वेळा केलं."

अंकुरने समुद्र पाहिला होता तो मोबाइलवर. पण पोट्ट्याच्या जिभेला हाड नाही, आणि आचल अशी देखणी, की तिच्यासमोर त्याने विमान चालवता येतं असंही सांगितलं असतं. त्यात ती अकोल्यात फिजिओथेरपिस्ट. मालवणात तिच्यादेखत फळीवरून तोंडावर आपटलो तर जन्मभर काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याला एका जागी बसवेना.

व्हिडिओ पाहून पाहून त्याला कळलं, की सर्फिंगमध्ये उभं राहणं थोडं आणि पालथं पडून हाताने पाणी मारणंच जास्त. छाती वर, मान वर, हात चालूच. आता तेल्हाऱ्यात लाट कुठून आणायची? तर भाव वाढेल म्हणून त्याच्या बापाने, खुशालरावांनी, मधल्या खोलीत छातीइतका कापूस भरून ठेवला होता. अंकुरने त्यावर जुन्या दाराची फळी टाकली, शर्ट काढला आणि आतून कडी लावली.

रोज सकाळ-संध्याकाळ गडी कापसात वल्हवू लागला. टुणकन उभा राहायला गेला की फळी एकीकडे आणि हा कमरेपर्यंत कापसात. आई पार्वताबाई दाराबाहेरून विचारायची, काय करून राहिला बे आत? हा म्हणायचा, उंदरं हाकलून राहिलो. तिने बिचारीने उंदराचं औषध आणून ठेवलं.

लग्न तोंडावर आलं आणि अंकुरचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कंबर धरली. पोटभर लाल पुरळ उठलं. नवरदेव माळ कशी घालणार, म्हणून खुशालराव हादरले. "घरात डॉक्टरीण येऊन राहिली, मंग दुसरीकडे कावून जाचं?" म्हणत त्यांनी त्याला गाडीत घातलं ते थेट आचलच्या दवाखान्यात. वाटेत अंकुर चहासाठी, पाण्यासाठी, नाही नाही त्या कारणांनी उतरू पाहत होता.

आचलने खांदा फिरवून पाहिला, पाठ दाबली, पोट पाहिलं. मग म्हणाली, "खांदा वल्हवून सुजला. छाती उचलून धरून कंबर आखडली. पोट फळीवर घासलं. सर्फिंगवाल्याचंच दुखणं आहे हे."

अंकुरचा जीव भांड्यात पडला. खोटं तो बोलला होता, पण अंगाने साक्ष दिली! त्याने छाती फुगवली, कंबरेत कळ आली तरी फुगलेलीच ठेवली आणि लाटा फार मोठ्या होत्या असंही वर जोडलं.

"असतीन," आचल म्हणाली. तिने त्याच्या कानामागून हळूच कापसाचा एक पुंजका ओढून काढला. चांगला सरकीसकट होता. तो तिने टेबलावर ठेवला, आणि अंकुरची फुगवलेली छाती खाली बसली. बाहेर खुशालराव कोणाला तरी सांगत होते, की यंदा घरात उंदरं लई झाले.

"लग्नापर्यंत हात वर जाईन, भेऊ नका," ती हसू दाबत म्हणाली. "रोज सकाळी पालथं पडून हात हळूहळू उचलाचे."

"बस, इतकंच?" अंकुरने मान खाली घालूनच विचारलं.

"इतकंच. फक्त सतरंजीवर."