चाकांवरचं घर ओढणार कोण?

"गाडी ताकदवान असून भागत नाही, चालवणाऱ्याकडे डोकं लागतं!"

भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आपल्या सोसायटीच्या आवारात गुणवंत सबनीसांनी हे जाहीर केलं, तेव्हा त्यांचा एक हात नव्याकोऱ्या छोट्या कॅरॅव्हॅनवर होता आणि दुसरा कमरेवर.

"केबिन रोडवर बघा. बंद पडलेल्या रिक्षाला दुसरा रिक्षावाला नुसता पाय लावतो आणि भर गर्दीतून स्टेशनपर्यंत नेतो. पाय! त्याला कोणी विचारतं का, बाबा रे, तुझी अश्वशक्ती किती?"

कोणीच विचारत नव्हतं. सेक्रेटरी परेशभाईंना फक्त हे धूड आवारातून कधी जाणार, एवढंच विचारायचं होतं.

"गुणवंतभाई, पानी का टँकर अंदर नहीं आता. रोज आप और वॉचमन धक्का मारके साइड में लेते हो, टँकर जाता है, फिर वापस वहीं. ये क्या रथ है? संडे तक निकालो. नहीं तो जहाँ से आया, वहाँ वापस!"

"संडेला सकाळी आम्ही निघालोच समजा!" गुणवंतराव म्हणाले. त्यांचं हिंदी रागात नेहमी मराठीत येई.

गुणवंतरावांनी सगळी नोकरी एका जहाज कंपनीच्या कचेरीत काढली होती. हजारो टनांचे कंटेनर त्यांच्या सहीने इकडून तिकडे गेले. प्रत्यक्षात रबरी शिक्क्याहून जड काही त्यांनी उचललं नव्हतं, पण वजनातलं आपल्याला कळतं हा समज पक्का झाला होता. निवृत्तीनंतर चाकांवरचं घर घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने हिंडायचं, ही त्यांची हौस. पहिली स्वारी पत्नी उर्मिलाबाईंच्या माहेरी, कोकणात आंजर्ल्याला. तिकडे मेहुण्याने गावभर सांगून ठेवलेलं. कॅरॅव्हॅन तयार, पडदे तयार. फक्त ती ओढणार कोण, हे ठरायचं होतं. म्हणजे नवरदेव मुंडावळ्या बांधून उभा आणि घोडीचा पत्ता नाही!

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. पाठीला एक अख्खी खोली बांधून घाट उतरायचा, या कल्पनेनेच त्यांच्या पोटात गोळा यायचा. पण सगळ्या सोसायटीसमोर बोलून बसलेल्या माणसाला भीती वाटून चालत नाही. त्याला फार तर गॅस होतो. गुणवंतराव त्या आठवड्यात ओव्यावर होते.

शोध सुरू झाला. आधी परेशभाईंची नवी दांडगी गाडी.

"हुक? मेरी गाडी में? बैल है क्या?" परेशभाईंनी विषयही बंद केला आणि काचही.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या निहारची इलेक्ट्रिक गाडी. निहार सज्जन मुलगा. तो म्हणाला, "काका, ओढेल ना! फक्त चार्जिंग लवकर संपेल. हायवेवरच्या वर्सोव्याच्या पुलापर्यंत तर नक्की जाल."

"आणि पुढे?"

"पुढे काय, तिथेच राहायचं. घर आहेच की मागे!"

उरला पाण्याचे जार पोचवणारा कोंडिराम. त्याचा टेम्पो ऐरावतासारखा आणि कोंडिराम स्वतः यायला एका पायावर तयार. पण उर्मिलाबाई आडव्या आल्या.

"इतक्या वर्षांनी स्वतःचं घर घेऊन माहेरी चाललेय, आणि उतरू कशातून, तर 'थंडगार पाणी' लिहिलेल्या टेम्पोतून? दादा विचारेल, जार कुठे ठेवू!"

शेवटी गुणवंतरावांची नजर घरच्याच लाल गाडीवर गेली. ती इतकी लहान होती, की भाजी आणायला गेलं तर कोबी किंवा कलिंगड यांपैकी एकच काहीतरी घ्यावं लागे. जवळच हाटकेशला ज्याच्या शेडमध्ये कॅरॅव्हॅन बनली, त्या बंटीने तिला मागे हुक बसवून दिला.

"ओढेल ना रे?"

"रिकामी असली तर ओढेल, साहेब."

गुणवंतरावांनी वाक्याचा उत्तरार्ध तेवढा घरी आणला.

रिकामी ती कधीच नव्हती, आणि त्याचं श्रेय दाजींना. दाजी म्हणजे गुणवंतरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वास्तुशास्त्र ते कोणाकडून शिकले नव्हते, त्यामुळे शंका अशी त्यांना कधी येत नसे. कॅरॅव्हॅन बनत असताना ते होकायंत्र घेऊन शेडमध्ये गेले होते आणि गर्रकन फिरून त्यांनी मागच्या टोकाकडे बोट दाखवलं होतं. "आग्नेय! स्वयंपाकघर इथे!"

"पण दाजी, ही तर चाकांवर आहे," गुणवंतराव म्हणाले. "वळली की आग्नेय बदलणार."

"जन्मवेळची दिशा धरायची असते, गुणवंता! माणूस पुढे दुबईला गेला म्हणून कोणी कुंडली बदलतं का?"

बंटी म्हणाला, "तुम्ही म्हणाल तिकडे करतो," आणि अख्खं स्वयंपाकघर शेपटाला गेलं. सिलिंडर तिथे, पाण्याचा पिंप तिथे, मिक्सर तिथे, खलबत्ताही तिथेच. वर उर्मिलाबाईंनी तांदळाची गोण चढवली.

"अगं, कोकणात तांदूळ मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण ते कोकणातले असतात!"

रविवार उजाडला. लाल गाडीला झेंडूचा हार, कॅरॅव्हॅनला तिच्याहून मोठा हार. नारळ फुटला. दाजींच्या हातात घड्याळ, परेशभाईंच्या चेहऱ्यावर सुटकेची पहिली पुसट रेघ. गुणवंतराव ओव्याची चिमूट तोंडात टाकून स्टिअरिंगमागे बसले. इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला, क्लच दाबून धरला, हँडब्रेक ओढलेलाच ठेवला. सगळं शिस्तीत.

तेवढ्यात उर्मिलाबाईंनी सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकवाला कॅरॅव्हॅनमध्ये बोलावलं.

आता बायका नवं घर बघायला गेल्या, की कुठे जातात? बैठकीच्या खोलीत त्यांचं काय असतं! परेशभाईंच्या नयनाबेन, बी विंगची क्षितिजा, रुचिताची आई, दर सकाळी मासे घेऊन येणारी उत्तनची सुगंधा, अशा आठ-नऊ जणी थेट स्वयंपाकघरात घुसल्या. बरं, नयनाबेन एकट्याच दोघींच्या बरोबरीच्या.

"अय्या, ओटा बघा किती गोड!"

"उर्मिलाबेन, मसाला का डब्बा किधर रखा? अरे, सब जन इधर आओ, देखो!"

सब जन इधर आले.

समोर गुणवंतरावांना गाडीचं नाक खाली जाताना दिसलं. आधी त्यांना वाटलं, चक्कर येतेय, ओवा कमी पडला. मग त्यांनी आरशात पाहिलं. आरशात नेहमी मागचं दिसतं, आज आकाश दिसत होतं!

"दाजी! अहो दाजी! मी वर चाललोय!"

"शुभ लक्षण आहे!" दाजी ओरडले. "मुहूर्त टळायच्या आत निघ!"

कॅरॅव्हॅनचं शेपूट जमिनीला टेकलं होतं, तिची मान वर गेली होती आणि त्या मानेला लटकून लाल गाडीचा मागचा भाग हवेत होता. घाबरून गुणवंतरावांचा पाय क्लचवरून सुटला. हँडब्रेक इमानाने आपलं काम करतच होता. पण तो मागची चाकं धरून होता, आणि मागची चाकं हवेत! पुढची दोन्ही चाकं मात्र जमिनीवरच होती. ती निघाली.

शेपूट खर्रर्र घासत, पोटात बायका घेऊन ती वरात गेटकडे सरकू लागली. आतून किंकाळ्या, बाहेरून सूचना.

"ब्रेक मारो!"

"नयना! नीचे उतर!"

"कैसे उतरूं? घर चल रहा है!"

आणि गेटमधून समोर पाण्याचा टँकर आत आला. ड्रायव्हरने समोर पाहिलं. नाक जमिनीला, शेपूट आभाळाला अशी एक हार घातलेली गाडी आपल्याकडे येतेय, हे बघून त्याने टँकर जागीच थांबवला. लाल गाडी हळूच जाऊन त्याच्या टायरला टेकली आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

मग कॅरॅव्हॅनमधून उर्मिलाबाईंचा खणखणीत आवाज आला. "कोणी घाबरू नका! सगळ्या जणी पुढे या!"

त्यांना म्हणायचं होतं, एकेक. पण भांबावलेल्या बायका एकदमच पुढे धावल्या. धप्प! लाल गाडी खाली आपटली, हुकासकट मागचा बंपर निखळून पडला आणि गुणवंतराव टपाला डोकं आपटून पुन्हा सीटवर आले.

कोणाला खरचटलंही नव्हतं. नयनाबेनच्या हातातली पेढ्यांची पेटीसुद्धा आडवी झाली नव्हती. गुणवंतराव बाहेर आले, त्यांनी बंपरकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की पोटातला गोळा नाहीसा झालाय.

"अहो, लागलं का कुठे?" उर्मिलाबाई धावत आल्या.

"नाही गं. उर्मिला, हे घाटात झालं असतं तर?"

"तोच विचार करत होते गेला आठवडाभर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ओवा काय तुम्ही एकटेच खात होतात? डबा रिकामा झाला तो उगाच?"

दोघं एकमेकांकडे बघून हसू लागले. लोकांना वाटलं, धक्का बसलाय. कोणीतरी पाणी आणलं. टँकर समोरच होता.

"आता मात्र ये हाटकेश वापस!" परेशभाई म्हणाले.

"वापस कशाला?" सुगंधा पदर सारखा करत म्हणाली. "आमच्या वाडीत आणा ना! समुद्राच्या अंगाला जागा रिकामीच हाय. होड्या ओढायचा ट्रॅक्टर हाय, तो नेईल. त्याला काय जड न्हाय. नयनाबेन आत बसल्या तरी न्हाय!"

संध्याकाळी तांदळाची गोण वर घरात गेली आणि कॅरॅव्हॅन ट्रॅक्टरमागे डुलत उत्तनला. मेहुण्याला फोनवर सांगितलं, घर नाही, आम्हीच दोघं येतो, एसटीने. तिकडूनही सुटकेचा निःश्वास ऐकू आला. तो गाडी लावायला कोणाची तरी बाग रिकामी करून घेत होता म्हणे.

आता कॅरॅव्हॅन उत्तनच्या किनाऱ्यावर विटांवर स्थिर उभी आहे. तिचं स्वयंपाकघर सध्या वायव्येला आलंय. दाजी तिकडे फिरकत नाहीत. दर शनिवारी गुणवंतराव आणि उर्मिलाबाई तिथे जातात, लाटा बघतात, सुगंधाकडचे बोंबील खातात आणि रविवारी परततात.

परवा निहारने जिन्यात विचारलं, "काका, कॅरॅव्हॅनसाठी शेवटी कोणती गाडी ठरवली?"

गुणवंतरावांनी पिशवी खाली ठेवली. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर.

"भाईंदर स्टेशनवरून उत्तनला सुटणारी बस. सगळ्यांचा नीट अभ्यास करून ठरवलंय! फक्त डावीकडची खिडकी धरायची. उजवीकडे ऊन येतं."