धाकट्याचं छत

हिंदुरावांनी जेवणाचं ताट पुढं सरकवलं आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "मग लिफ्ट काय जमिनीवर आडवी झोपवू?"

भिंतीपलीकडं त्यांचे थोरले भाऊ नानासो राहत. तिकडून लगेच उत्तर आलं, "झोपव! पर तुजं छत माज्या छतावर जायचं न्हाई!"

मलकापुरात घराला लागूनच हिंदुरावांचं गॅरेज होतं. उभा जन्म गाड्यांखाली उताणं झोपून गेला आणि शेवटी कंबरेनं दगा दिला. मिरजेत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दम भरला, पुन्हा गाडीखाली झोपायचं नाही. म्हणजे एकतर गॅरेज बंद, नाहीतर गाडी वर उचलणारी लिफ्ट. गॅरेज बंद करून दिवसभर घरात बसलेले हिंदुराव ही कल्पनाच त्यांच्या बायकोला, आक्काताईंना, सहन होईना. "लिफ्ट आना," त्या म्हणाल्या.

लिफ्ट आली. तिचे खांब बारा फूट. म्हणजे गॅरेज वाढवून छत चौदा फुटांवर न्यायला हवं. आणि नानासोंचं घर होतं अकरा फूट. झालं! पेटलं!

"आबा सांगून गेल्यात," नानासो आवाराच्या भिंतीवरून डोकं काढून वडिलांचा दाखला देत म्हणाले. "धाकट्यानं थोरल्याच्या वर छत न्यायचं न्हाई. घराला बरं नसतं."

"आबांच्या टायमाला लिफ्ट हुती का?"

"नेम हुता!"

"मग तुमच्या छतावरची पान्याची टाकी मोजायला धरा की. टाकी धरली तर तुमीच उंच."

"टाकीत मानूस ऱ्हातो व्हय रं?"

"गॅरेजात तरी कोन झोपनार हाय?"

पण नानासो टाकी धरायला तयार होईनात. असला हट्टी माणूस अख्ख्या कराड तालुक्यात शोधून सापडणार नाही. सापडलाच तर तो हिंदुराव. दोघांची तोंडं सकाळी चहाला सुरू व्हायची ती रात्री दिवे मालवल्यावरच थांबायची.

शेवटी सिद्धू गवंड्यानं अक्कल लढवली. "मालक, वर जाता येत न्हाई तर खाली जावा. चार फूट खोदा. लिफ्ट खड्ड्यात, छत भावाच्या खाली. मिटलं!"

रागाच्या भरात माणसाला काहीही पटतं. हिंदुरावांनी दुसऱ्याच दिवशी जेसीबी बोलावला आणि चार फूट खड्डा मारला. खड्डा झाल्यावर सिद्धूच्या ध्यानात आलं, की गाडी काही खड्ड्यात उडी मारणार नाही. तिला उतार लागणार, आणि तो उतार जाणार थेट नानासोंच्या आवारात.

हिंदुराव बाह्या सरसावूनच भावाकडं गेले. "आण्णा, तुमची पंधरा फूट जागा लागतीया. काय बोलायचं ते बोला!"

"घे की. पंधरा कशाला, ईस घे."

हिंदुरावांचं डोकं आणखीच फिरलं. या भागात सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आणि हा बाबा वीस फूट जमीन फुकट देतोय, उंची मात्र बोटभर नाही! आता याच्याशी भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात घोटाभर पाणी. मागच्या शेतातल्या उसाला पाणी सोडलं होतं, ते सगळं झिरपून इकडं आलेलं. दिवसभर मोटर लावून उपसलं, तर पुढच्या सकाळी गुडघाभर. सांगलीहून लिफ्ट बसवायला आलेल्या फिटरनं आत डोकावून पाहिलं. "मालक, हितं लिफ्ट बसवायची का नाव सोडायची?" असं म्हणून तो आल्या पावली गेलासुद्धा.

हिंदुराव खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. एक हात कंबरेवर, दुसरा भावाच्या घराकडं रोखलेला. "झालं समाधान? बुडवलं माजं गॅरेज तुमच्या नेमानं! आता शटर वढतो आन बसतो घरात!"

"अरं द्येवा!" स्वयंपाकघरातून आक्काताई म्हणाल्या.

नानासो तरातरा बाहेर आले. त्यांचाही चेहरा लालबुंद झाला होता. "गॅरेज कशाला बुडतंय रं? एवढं माजं आवार मोकळं पडलंय, हितं बांध की! माजं आवार, म्हंजी छत माजं. थोरल्याचं छत चौदा न्हाई, चोवीस फूट जाऊ दे. कोन बोलतंय बघू!"

हिंदुरावांनी दुसराही हात कंबरेवर ठेवला. मग ते गरजले, "मग ह्ये पयल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस कवा? पयल्या दिसापास्नं नुसता वराडतोयस!"

ते मात्र खरं होतं. आक्काताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हिंदुरावांनी घसा खाकरला, मान खाली घातली आणि जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणून ते म्हणाले, "आण्णा... तुमच्या आवारात गॅरेज बांधू का?"

नानासो भडकलेच. "लाज वाटती का न्हाई? सख्ख्या भावाला ह्ये काय इचारायचं असतंय व्हय रं?"