हवेली दाखवा, बाथरूम नको!

“येत्या रविवारी चहाच्या वेळेपर्यंत तळ्याकाठची हवेली विकलेली असेल! लिहून ठेवा!”

जावईबापूंनी हे वाक्य हातातला चमचा उंच धरून उच्चारलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. पण एकदा जीभ सैल सुटली की जावईबापूंना आवरणं त्यांच्या जन्मदात्यांनाही जमलं नव्हतं, तिथे बायकोचा पाय काय करणार!

सासरेबुवांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला. “आणि नाही विकली तर?”

“तर सोमवारी सकाळी तुमच्या दुकानात हजर!”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते जावईबापूंच्या लक्षात आलं आणि त्यांना एकदम जोराचा ठसका लागला.

सासरेबुवांचं दुकान म्हणजे कमोड, बेसिन आणि नळांचं दुकान. शहरातल्या निम्म्या लोकांची सकाळ सासरेबुवांच्या कृपेनं सुखाची जात होती. लग्नानंतर जावईबापूंनी तिथे दोन वर्षं काढली. लोक त्यांना रस्त्यात गाठून आपापल्या घरच्या तुंबलेल्या गोष्टी सांगत, तेही ऐकून घेतलं. पण एके दिवशी शाळेत कायम पहिला येणारा मित्र सपत्नीक दुकानात आला. सासरेबुवा म्हणाले, “जावईबापू, जरा बसून दाखवा, म्हणजे यांना उंचीचा अंदाज येईल.” जावईबापू भर दुकानात, दिव्यांच्या झगमगाटात, मित्राच्या बायकोसमोर कमोडवर बसले. त्याच संध्याकाळी त्यांनी दुकान सोडलं आणि घरं विकण्याचा धंदा सुरू केला. वर्षभरात त्यांनी एक गॅरेज विकलं होतं. तेही मेहुण्याला.

आणि आता हातात आली होती तळ्याकाठची हवेली! दगडी कमानी, वीसेक खोल्या, मोठं ग्रंथालय, मागे फळबाग, रिकामे तबेले, पुढे हिरवळ आणि हिरवळीच्या मधोमध तोंड वासलेला दगडी माशाचा कारंजा. मालकीणबाई घराण्यातल्या शेवटच्या. खालच्या दोन खोल्यांत एका बहिऱ्या कुत्र्याबरोबर राहायच्या. छपराचा खर्च आता झेपत नव्हता, म्हणून विकायला निघाल्या होत्या. त्यांची अट एकच. घर पाडणाऱ्याला घर द्यायचं नाही.

गिऱ्हाईकही तसंच तोलामोलाचं मिळालं होतं. बिस्किटांच्या कारखान्याचे शेठ आणि शेठाणी. शेठाणींना जुन्या घराची हौस, शेठना शेठाणींची धास्ती. म्हणजे सगळं जुळूनच आलेलं!

फक्त एक गोम होती. हवेलीचे नळ. मालकीणबाईंचे वडील गेल्यापासून वरच्या मजल्यावर पाण्याचा थेंब चढला नव्हता. मालकीणबाई स्वतः खाली बादलीनं अंघोळ करायच्या. दैव कसं असतं पाहा! नळांपासून पळालेला माणूस, आणि त्याच्या गळ्यात हवेली पडली ती नेमकी कोरड्या नळांची!

पण जावईबापू डगमगणारे नव्हते. त्यांनी ठरवलं, बाथरूम दाखवायचीच नाही. दार दिसलं तर म्हणायचं, “इथे कपाट आहे.” शिवाय धंद्यातला एक जुना मंत्र त्यांना कोणीतरी दिला होता. एकटं गिऱ्हाईक विचार करतं, दोन गिऱ्हाइकं घाई करतात! तेव्हा शेठबरोबर आणखी एक गिऱ्हाईक हवं. खोटं का असेना, पण दिसायला गडगंज.

“बाबांना विचारा,” बायको म्हणाली. “पोट आहे, सोन्याच्या काडीचा चष्मा आहे, हातात काठी आहे. आणखी काय हवं?”

“अगं, पण त्यांनाच तर मी दुकानात परत हवा आहे! ते कशाला मदत करतील?”

“विचारून तर बघा.”

जावईबापूंनी भीत भीत विचारलं. सासरेबुवा म्हणाले, “येतो की! पैज पैजेच्या जागी, लेकीचा संसार संसाराच्या जागी.” मग चष्मा पुसत हळूच विचारलं, “वरच्या मजल्यावर नेणार ना?”

तिथेच जावईबापूंनी ओळखायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात माणसाला पायाखालचा खड्डा दिसत नाही.

रविवार उजाडेपर्यंत तालीम चालली. “बाबा, तुम्हाला मी रावसाहेब म्हणेन. तुम्ही फक्त ‘वा!’ म्हणायचं. फार तर ‘ही जागा माझ्या मनात भरली’ म्हणायचं. मला जावईबापू म्हणायचं नाही. आणि काही झालं तरी कुठल्याही नळाला हात लावायचा नाही!”

“मी काय लहान मूल आहे?” सासरेबुवा दुखावल्या स्वरात म्हणाले.

रविवारी सुरुवात तर अशी झाली की जावईबापूंना स्वतःचाच हेवा वाटला. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. शेठाणी गाडीतून उतरल्या त्या हवेलीकडे बघतच राहिल्या. मालकीणबाई कुत्र्याला घेऊन पायरीवर उभ्या होत्या. आणि सासरेबुवा! काठी टेकत, मान किंचित तिरकी करत, असे काही चालत होते की दोन हवेल्या आधीच खिशात असाव्यात.

“हे रावसाहेब,” जावईबापूंनी ओळख करून दिली. “यांनाही हवेलीत रस आहे.”

“वा!” सासरेबुवा म्हणाले.

ग्रंथालयात ते दोनदा ‘वा!’ म्हणाले. दिवाणखान्यात तर त्यांनी खांबावर हात फिरवून “ही जागा माझ्या मनात भरली” असं इतक्या जड आवाजात सांगितलं की शेठाणींचा चेहरा उतरला. त्यांनी शेठना कोपऱ्यात ओढलं. “अहो, तो म्हातारा घेऊन जाईल हं! तुम्ही नुसते बघत बसा!” जावईबापूंना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. अजून चहाची वेळही झाली नव्हती!

वरच्या मजल्यावर तिसऱ्या दाराशी शेठाणी थांबल्या. “हे काय आहे?”

“कपाट!”

“आणि हे?”

“तेही कपाट! पूर्वीच्या लोकांना कपड्यांची फार आवड.”

“अहो, पण या घरात बाथरूम कुठे आहे?” शेठाणींनी विचारलं.

“बाथरूम ना? आहे की! भरपूर आहेत! आधी सज्ज्यातून तळं बघा, ऊन गेलं की मजा जाते!” असं म्हणत जावईबापूंनी सगळ्यांना सज्ज्यात लोटलं. तळं बघून झालं. हिरवळ बघून झाली. मग त्यांनी सहज मागे वळून पाहिलं तर रावसाहेब नव्हते.

रावसाहेबांची काठी मात्र तिसऱ्या कपाटाच्या दाराला टेकून उभी होती.

जावईबापू त्या दाराकडे निघाले. तेवढ्यात भिंतीच्या आतून आवाज आला. आधी खुट्ट झालं. मग खडखड सुरू झाली आणि मग गडगड अशी की जणू भिंतीतून कोणी पिंपं गडगडवत नेतंय!

“अगंबाई! भुताटकी आहे का इथे?” शेठाणींनी शेठचा दंड पकडला.

“छे छे! जुनं घड्याळ आहे. ठोके देतंय!”

“असे ठोके?”

“अँटिक आहे!”

गडगडाट जमिनीखालून जिन्याकडे गेला, जिन्यातून दिवाणखान्यात उतरला. बहिरा कुत्रासुद्धा उठून भुंकायला लागला. मालकीणबाई कठड्याशी थबकल्या. “हा आवाज...” त्या पुटपुटल्या. “हा आवाज मी ओळखते.”

“बाई, तुम्ही खाली चला, आपण सगळेच खाली जाऊ, बाहेर हिरवळीवर छान वारा आहे!” जावईबापूंनी वरात घाईघाईनं अंगणात काढली. शेठना त्यांनी मानानं कारंज्याच्या काठावर बसवलं. “इथे निवांत बसा. हा मासा बघा, काय कोरीव काम आहे! अगदी जवळून बघा!”

शेठ जवळून बघायला वाकले. माशानं घसा खाकरला.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. माशाच्या तोंडातून आधी वाळकी पानं आली, मग काळाकुट्ट चिखल आला आणि सगळ्यात शेवटी एक धष्टपुष्ट बेडूक बाहेर पडला. पानं, चिखल आणि बेडूक, सगळं शेठच्या पांढऱ्याशुभ्र छातीवर!

“अयाई गं!” शेठ ओरडले.

“पाणी... पाणी स्वच्छ येईल आता!” जावईबापू हातरुमालानं बेडूक पुसायला लागले.

आणि तेवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली. बाह्या वर, चष्मा कपाळावर, नाकाला गंज लागलेला, अशा अवतारात रावसाहेब बाहेर डोकावले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद कोणी पाहिला नसेल.

“जावईबापू! लवकर वर या! गाडीतून माझा मोठा पाना आणा!”

शेठनी चिखल पुसता पुसता वर पाहिलं.

“जावईबापू?” शेठनी विचारलं.

“त्यांची... त्यांची बोलायची तऱ्हा आहे. प्रेमळ माणूस आहे, दिसेल त्याला जावई म्हणतो!”

“ऐकू येतंय का?” वरून गर्जना झाली. “अहो, निळ्या फुलांचं कमोड आहे इथे! चिनी मातीचं! तडा नाही, टवका नाही! टबामागे मुख्य नळाची चावी गंजून बसली होती, ती मी फिरवली. तुमच्या सासूबाईंना सांगा, मी आज जेवायला येत नाही!”

आता प्रेमळपणावरही किती ओझं टाकणार! शेठनी चिखलातून दोन डोळे जावईबापूंवर रोखले. “म्हणजे हे रावसाहेब तुमचे सासरे?”

जावईबापूंनी मान खाली घातली. खाली बेडूक होता. तोही त्यांच्याकडेच बघत होता.

“खोटं गिऱ्हाईक उभं करता? आम्हाला? चल गं, गाडीत बस! असल्या माणसाकडून मी कुत्र्याचं खोपटंसुद्धा घेणार नाही!”

संपलं! जावईबापूंच्या डोळ्यांपुढे दुकानाचे दिवे लखलखले. उद्या सकाळी पुन्हा तेच काउंटर, पुन्हा तेच बसून दाखवणं! त्यांना खरोखरच रडू आलं. वर्षभर बूट झिजवले होते, लोकांच्या दारांवरच्या घंट्या वाजवल्या होत्या, आणि शेवटी घात केला तो एका कमोडनं!

पण शेठाणी जागच्या हलल्या नव्हत्या. त्या माशाकडे बघत होत्या. चिखल ओसरला होता. काचेसारखं पाणी वर उसळून दगडी पाळीवर पडत होतं. आणि मालकीणबाई हळूहळू पुढे येऊन, त्या पाण्याखाली हात धरून उभ्या होत्या.

“मी एवढीशी होते,” त्या म्हणाल्या, “तेव्हा आमचे वडील, दादा, मला या काठावर बसवायचे. ते गेले आणि ती चावी कुठे आहे हेच कोणाला ठाऊक राहिलं नाही. सगळे कारागीर म्हणाले, कारंजा फोडावा लागेल. मी फोडू दिला नाही.” त्यांच्या गालावर पाणी होतं, आणि ते सगळंच काही माशाचं नव्हतं.

शेठाणींनी डोळे टिपले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, घर घ्यायचं.”

“अगं, पण या माणसानं आपल्याला फसवलं!”

“फसवलं ना! म्हणून तर त्याला सोडायचं नाही!”

एवढ्यात सासरेबुवा पाना न मिळाल्यामुळे स्वतःच खाली आले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. शेठाणींनी त्यांना थेट विचारलं, “रावसाहेब, खरं सांगा. या घरातल्या बाथरूम दुरुस्त होतील?”

“होतील? अहो, अशा होतील की पाहुणे दिवाणखान्यात बसणार नाहीत! पण ते निळ्या फुलांचं कमोड कोणी उखडायला आला तर आधी मला उखडावं लागेल!”

“तेही इथेच राहील,” मालकीणबाई म्हणाल्या. “दादांच्या आवडीचं होतं.”

“झालं तर मग,” शेठाणी म्हणाल्या. “आम्ही हवेली घेतो. एक वीटही पाडणार नाही. पण अट अशी, वरच्या खालच्या सगळ्या बाथरूम रावसाहेबांच्या दुकानातून, आणि काम संपेपर्यंत हे दलालबुवा रोज इथे हजर! कपाटं कुठे कुठे आहेत ते यांनाच चांगलं ठाऊक आहे.”

शेठनी शर्टावरचं शेवटचं पान झटकलं आणि सुस्कारा सोडून होकार दिला. मालकीणबाईंनी जावईबापूंचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. सासरेबुवा मिशीतल्या मिशीत हसत होते. आत चहाची किटली शिट्टी वाजवत होती. म्हणजे वेळसुद्धा अगदी ठरल्याप्रमाणे!

तेव्हा कोणी म्हणू नये की जावईबापू शब्दाला जागले नाहीत. चहाच्या वेळेपर्यंत तळ्याकाठची हवेली विकली गेली. पैज ते सरळ सरळ जिंकले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मेहुण्याला आणि शाळेतल्या त्या पहिल्या नंबरवाल्या मित्राला त्यांनी फोन करकरून कळवलं की आपण आता फक्त ऐतिहासिक वास्तूंचंच काम बघतो.

सोमवारी सकाळी मित्र मुद्दाम सपत्नीक हवेली बघायला आला. जिना चढून वर गेला. तिसऱ्या कपाटात जावईबापू होते.

“या, या!” ते उठायला लागले.

“उठू नका!” टबामागून सासरेबुवांचा आवाज आला. “जावईबापू, तसेच बसा, आणि साखळी ओढून दाखवा बघू!”

जावईबापूंनी मित्राच्या बायकोकडे पाहिलं, निळ्या फुलांकडे पाहिलं, आणि साखळी ओढली.