गळक्या टाकीवरचा तुतवार

मंडळाने खात्री केल्याशिवाय कोणताही पक्षी दिसला असे समजू नये, असा आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळाचा नियम आहे. तो पक्ष्यांना कळवलेला नाही, पण सभासद कसोशीने पाळतात. विशेषतः उन्हाळा सरत आला की. या दिवसांत लांबलांबचे पक्षी वाट वाकडी करून आमच्याकडून जातात आणि एरवी एकमेकांच्या आजारपणातही न फिरकणारे सभासद मोबाइलवरच्या ग्रुपवर डोळ्यांत तेल घालून बसतात.

अशाच एका सकाळी दातांच्या डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या गच्चीवर काळ्या भुवईचा तुतवार!"

तुतवार म्हणजे चिखलपाण्यात शेपटी हलवत फिरणारा एक चिमुकला पक्षी. त्यातून काळ्या भुवईचा तर आमच्यापैकी कोणी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. खरं म्हणजे खळबळ उडायला हवी होती. पण पहिलंच उत्तर आलं, "नीट बघा, पिशवी असेल."

यामागे इतिहास आहे. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी समोरच्या मोबाइल टॉवरवर पांढरं घुबड जाहीर केलं होतं. अर्धं मंडळ रजा टाकून धावलं. घुबड निघालं कपड्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तेव्हापासून मंडळात डॉक्टरांचं नाव 'पिशवी' पडलं. पुढे ते बाहेरही पसरलं. दाढ काढायला आलेला एक पेशंट तोंडात आरसा असतानाही 'पिशवी डॉक्टर' असं स्पष्ट म्हणाला, त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत.

"यंदा पक्षी खरा आहे गं," ते बायकोला म्हणाले. "मंडळाने एकदा मान्य केला की हे नाव जाईल."

"जाईल की. मग दुसरं पडेल," वहिनी म्हणाल्या.

आमचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ग्रुपवर आदेश काढला: "खातरजमा समिती रविवारी येईल. तोपर्यंत स्थळ जैसे थे ठेवावे." समितीत ते स्वतः, कॅमेरावाल्या कॅशिअर बाई आणि दुर्बिणीचा स्टँड उचलायला मी.

अडचण अशी होती, की तुतवार ज्या डबक्यात उभा होता ते इमारतीच्या गळक्या टाकीचं होतं आणि त्याच दुपारी टाकी दुरुस्त करायला प्लंबर आला. डॉक्टर पाइपसमोर आडवे झोपले.

"अहो, इमारतीचं पाणी वाहून चाललंय," प्लंबर म्हणाला.

"त्याला हात लावायचा नाही. स्थळ जैसे थे आहे."

प्लंबर पाना घेऊन परत गेला. गळती मात्र जैसे थे राहायला तयार नव्हती, ती वाढली. आधी वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडले, मग खालच्या मजल्यांचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू डोक्याला फेस घेऊन तशाच गच्चीवर आल्या.

"डॉक्टर, पाणी सोडता की इथेच केस धुऊ?"

"इथेच धुवा, पण साबण डबक्यात जाऊ देऊ नका. समिती यायची आहे."

शनिवारी टाकी पूर्ण रिकामी झाली आणि डबकं आटायला लागलं. डॉक्टर मागच्या गल्लीतून बादल्या भरून आणू लागले. घरात प्यायला पाणी नव्हतं. दवाखान्यात पेशंट चूळ भरायच्या पाण्यावाचून खोळंबले होते. पण तुतवार मजेत होता. वहिनींनी पुढे आठवडाभर नवऱ्याशी बोलणं सोडलं, ते मला रास्तच वाटतं.

रविवारी समिती गच्चीवर पोहोचली. स्टँड लावला. अध्यक्षांनी दुर्बिणीला डोळे लावले आणि नेमका त्याच वेळी तुतवार टुणटुण चालत त्यांच्या बुटावर येऊन उभा राहिला.

"साहेब, पायावर! पायावर आहे!" डॉक्टर कुजबुजले.

"मध्ये बोलू नका. काही दिसत नाही."

"दुर्बीण काढा ना, साहेब!"

अध्यक्षांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "डॉक्टर, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं कोणीही पाहतं. ते निरीक्षण नव्हे. इथून अंतर कमी पडतंय, समोरच्या इमारतीवर चला."

डॉक्टरांना पक्ष्यापाशी ठेवून आम्ही समोरच्या गच्चीवर गेलो. तिथून डबकं टाकीआड जात होतं. पण टाकीच्या पाइपावर काहीतरी पांढरं फडफडत होतं.

"दिसला!" अध्यक्ष ओरडले. "काय पोट आहे! आणि पंखावर निळी नक्षी! बाई, काढा फोटो!"

फोटो क्षणात ग्रुपवर गेला. अभिनंदनाचा पाऊस पडला. डॉक्टर धापा टाकत रस्ता ओलांडून आमच्यापाशी आले आणि त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, ही पिशवी आहे. गेल्या वर्षीचीच, टॉवरवरून उडून आलेली. निळं दिसतंय ते दुकानाचं नाव आहे. खरा तुतवार अजून तिकडे खाली..."

"डॉक्टर," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तुमचा पक्षी मंडळाने मान्य केला आहे. आजपासून तुम्हाला कोणी पिशवी म्हणणार नाही. की पुन्हा चौकशी लावू?"

तेवढ्यात टाकीमागून तुतवार उडाला. छान उंच गेला, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली, शीळही घातली. कॅशिअर बाई अभिनंदनांना उत्तरं देत होत्या. डॉक्टर त्याच्याकडे तो ठिपका होईपर्यंत पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग ते म्हणाले, "पोट फारच पांढरं आहे, साहेब."

टाकी आता दुरुस्त झाली आहे. पाइपाला मात्र प्लंबरला हात लावू देत नाहीत. डॉक्टर तिथे खुर्ची टाकून बसतात. लांबून लोक बघायला येतात आणि त्यांना मानाने 'तुतवार डॉक्टर' म्हणतात.

तो फोटो पुढे गावभर फिरला, तुमच्याकडेही आला होता. त्याखाली अंगठे उमटवणाऱ्यांत तुमचं नाव मी स्वतः वाचलं आहे. सवड मिळाली तर एकदा मोठा करून पाहा. पंखावर दुकानाचा फोन नंबर अगदी स्वच्छ दिसतो.