जावयाची टाकी

परिषदेला जाण्यासाठी दातांच्या डॉक्टरने बॅग भरली ती चुटकीसरशी, पण टाकीबद्दलच्या सूचना द्यायला त्याला सगळी संध्याकाळ पुरेना.

टाकी दिवाणखान्याच्या लांब भिंतीला लागून होती. खारं पाणी, खडक, खडकांवर जांभळी-हिरवी जिवंत प्रवाळं आणि त्यांच्यामधून मालकासारखे फिरणारे मासे. बरेच दिवस तिला एक दुखणं जडलं होतं. वाळूवर आणि खडकांवर चिकट, तार सुटणारा बुळबुळीत थर चढायचा. सकाळी काढावा तर संध्याकाळी पुन्हा हजर. शेवटी डॉक्टरने सिलिकाची बाटली आणली. सिलिका पाण्यात गेली की डायटम नावाचं बारीक तपकिरी शेवाळ वाढतं, आणि ते त्या बुळबुळीचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं. मात्रा जास्त झाली तर मात्र शेवाळच सगळी टाकी व्यापून बसतं. म्हणून डॉक्टर रोज जीव मुठीत धरून चार थेंब टाकायचा. बुळबुळ ढिम्म हलत नव्हती.

"चारच. पाच नाहीत," तो बायकोला म्हणाला.

"अरे, माझं ऑडिट चालू आहे. मी घरी असते कुठे? बाबांना सांग."

बाबा म्हणजे तिचे वडील. त्यांची उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात तुंबलेले पाइप मोकळे करण्यात गेली होती. एकटे पडल्यावर लेकीने त्यांना हट्टाने इकडे आणलं, पण जावयाच्या घरात ते अजून रुळले नव्हते. सोफ्याच्या कडेला बसायचे, पंखा लावायचा तर आधी विचारायचे. टाकीपासून तर चार हात लांबच.

"मला जमेल का, जावईबापू?" त्यांनी विचारलं.

"अहो बाबा, बाटली उलटी धरायची आणि हलकेच दाबायची. त्यात काय आहे?"

पहिले दोन दिवस खरोखरच त्यात काही नव्हतं. बाबांनी नाकावर चष्मा ठेवून, श्वास रोखून थेंब मोजले. पण सिलिकाचा एक खोडसाळपणा असतो. बाटलीच्या तोंडाशी ती वाळली की तिची काच होते. तिसऱ्या दिवशी बाबांनी बाटली दाबली तर काहीच येईना. आणखी दाबली. तोंड चोंदलं होतं.

चोंदलेलं तोंड बघून बाबांच्या अंगात जुना माणूस संचारला. त्यांनी टाचणी आणली, ती आत अडकली. मग त्यांनी पक्कड आणली. बाटली टाकीवरच उलटी धरली, म्हणजे पहिला थेंब वाया जायला नको, आणि तोंड पकडीत धरून हलकेच फिरवलं. ते टोपणासकट पाण्यात पडलं, आणि मागोमाग बाटलीतलं सगळं गटगट करत गेलं.

पाणी क्षणभर दुधासारखं झालं. मासे खडकांच्या फटींत घुसले. बाबा कोपरापर्यंत हात घालून टोपण शोधत राहिले. टोपण सापडलं. बाकीचं सापडण्यासारखं नव्हतं.

पाणी पुन्हा निवळलं, मासे बाहेर आले, आणि बाबांना वाटलं, निभावलं. पण दोन दिवसांत वाळू तपकिरी झाली. मग खडक. मग काच अशी माखली, की टाकीत कोणी चहा ओतलाय असं वाटावं. बाबांनी टाकीवर चादर टाकली.

ऑडिटमधून डोकं वर काढलेल्या लेकीने चादरीकडे बघितलं.

"बाबा, हे काय?"

"मासे झोपलेत."

"दुपारी?"

तिने चादर उचलली, आत बघितलं आणि पुन्हा सोडली. "बाबा, किती थेंब टाकलेत?"

"मोजायला वेळच मिळाला नाही गं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. "माझी बॅग भरतो. ते यायच्या आत जातो मी."

"कुठे जाणार? खाली बसा आधी."

नेमका तेव्हाच डॉक्टरचा व्हिडिओ कॉल आला. "जरा टाकी दाखव ना!"

बाबांनी चपळाईने ओल्या फडक्याने काचेचा तळहाताएवढा भाग आतून पुसला. लेकीने फोन त्याला चिकटवला.

"इतक्या जवळून का दाखवतेस? नुसतं शेपटीचं टोक दिसतंय."

"छान दिसतंय ना?"

"छान आहे गं, पण बाकीचा मासा कुठाय?"

"तो पुढे गेला," ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

पुढचे दिवस बापलेक काच पुसत होते आणि शेवाळ पुन्हा येत होतं. माणसं दमली, शेवाळ दमलं नाही. डॉक्टर परतणार त्या संध्याकाळी दोघांनी ठरवलं, की तो पाणी प्यायला, हातपाय धुतले, जरा टेकला, की मग सावकाश सांगायचं.

दार उघडलं तर डॉक्टरच्या मागे त्याचे मोठे सर उभे. कॉलेजात त्याला दात काढायला त्यांनी शिकवलं आणि टाकीचा नाद लावला तोही त्यांनीच. परिषदेत डॉक्टरने टाकीची इतकी बढाई मारली होती, की सर स्टेशनवरून थेट बघायलाच आले होते.

"या सर, बसा. बाबा, चादर काढा ना!"

बाबांनी लेकीकडे बघितलं. लेकीने छताकडे. चादर निघाली.

डॉक्टरचा चेहरा पाहून त्याचाच दात कोणीतरी भूल न देता उपटला असावा असं वाटत होतं. "हे... हे कोणी..."

"मी केलं," बाबा म्हणाले. "तिचा काही दोष नाही. सगळी बाटली गेली माझ्या हातून."

सर टाकीपाशी वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि पुसलेल्या भागातून आत बघत बसले. प्रवाळांनी तोंडं उघडली होती. शंखगोगलगायी शेवाळावर तुटून पडल्या होत्या. शेवटी सर वळले.

"काय रे, तुझी ती बुळबुळ कुठे आहे?"

डॉक्टर गुडघ्यांवर बसला. वाळू तपकिरी होती, पण एकही तार सुटत नव्हती. खडकांवर नाही, कोपऱ्यांत नाही. सहा महिन्यांची बुळबुळ गायब होती.

"शेवाळ काय, सिलिका संपली की जाईल आपोआप," सर म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या टाकीतही तीच घाण आहे. वर्ष झालं. कोणाला सांगितलं नाही. मी दोन थेंबांपुढे कधी गेलोच नाही, धीरच होत नाही." ते बाबांकडे वळले. "तुम्ही याल का हो उद्या आमच्याकडे? बाटली माझी, हात तुमचा."

दुसऱ्या दिवशी सरांनी गाडी पाठवली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पक्कड पिशवीत टाकून गेले. डॉक्टर दवाखान्यातून लवकर परतला आणि काच खरवडत त्यांची वाट बघत बसला. बाबा आले आणि त्यांनी शांतपणे चप्पल काढली.

"काय झालं? ओतली?"

"छे!" बाबा म्हणाले. "त्यांच्याकडे बारीक सिरिंज होती. तीन थेंब टाकले, दिव्याखाली धरून, मोजून. ते म्हणत होते ओता, ओता. मी म्हटलं, रोज एकेक वाढवू."

"आणि इथे सगळी बाटली?"

बाबांनी जाऊन पंख्याचं बटण दाबलं आणि सोफ्यावर मधोमध ऐसपैस बसले.

"अहो, ते लोकांचं घर आहे, जावईबापू," ते म्हणाले. "तिथे असं कसं वागून चालेल?"