वाघमारे सरांचे न्यूट्रॉन

आमच्या वरच्या मजल्यावरचे वाघमारे सर भेटल्यावर "कशा आहात?" असं विचारत नाहीत. "कितीदा धडकलात?" असं विचारतात. मी मंडईतून सदाशिव पेठेत चालत आलेली असते, त्यामुळे उत्तर तयार असतं.

सरांनी निवृत्तीपर्यंत अणुभट्टीच्या भिंतींचं गणित केलं. भट्टीतून न्यूट्रॉन सुटतो, कशावर तरी आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो. शेवटी एक तर शोषला जातो, नाहीतर भिंतीपार निसटतो. कुठे वळेल ते सांगता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर दर वळणाला चिठ्ठी काढल्यासारखी दिशा ठरवतो. असे कोट्यवधी न्यूट्रॉन सोडले, की भिंत किती जाड हवी ते कळतं. सरांच्या जेवणाच्या टेबलावर हे अजून चालू असतं. कॉम्प्युटरवर चिठ्ठी : 'काम चालू आहे. हात लावू नये. विचारूही नये.'

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या गळतीचा विषय निघाला. सर उभे राहिले. "गळती शून्य कधीच नसते. किती, एवढंच विचारायचं असतं."

सेक्रेटरी म्हणाले, "वाघमारे, प्लंबर बोलवायचा का, तेवढं सांगा."

न्यूट्रॉनच्या एकेका प्रवासाला त्यांच्यात 'इतिहास' म्हणतात. मी शाळेत इतिहासच शिकवायचे. म्हटलं, "सर, कधीतरी तुमचाही सांगा."

"माझा एकच आहे. एकावरून काही सिद्ध होत नाही," म्हणाले आणि जिना चढून गेले.

मागच्या गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नव्हती. सरांचं गणित बंद पडलं असणार, म्हणून धीर द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. सर खुर्चीत नुसते बसले होते.

"आता सगळं पहिल्यापासून?" मी विचारलं.

"छे हो. उत्तर निवृत्तीच्या आधीच आलंय. त्यानंतर आकडा हललेला नाही."

"मग चालू कशाला ठेवता?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"सुनंदा गेल्यापासून ठेवतो. कॉम्प्युटरच्या आतला पंखा घरघरतो ना, बाहेरच्या खोलीत बसलं की वाटतं, आत कुणीतरी काहीतरी करतंय. आज सकाळपासून..." मग एकदम म्हणाले, "तुम्हाला घाई आहे का?"

आठ वर्षांत सरांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. मी बसले. चहा मीच केला. सुनंदाताईंना न्यूट्रॉनचा किती राग यायचा, इथून सर सुरू झाले, ते थेट त्या दोघांच्या लग्नापर्यंत मागे गेले.

वीज चारला आली. सर जागचे हलले नाहीत. मी पावणेसहाला उठले.